अमीटर कोणाच्या हातात? वर्गातील सुप्त लिंगभाव-पूर्वग्रह कमी करण्यासाठी शिक्षकांनी काय करावे

नववीच्या वर्गाचा ओहमच्या नियमाचा प्रयोग चालू आहे आणि एका टेबलाभोवती पाच विद्यार्थी उभे आहेत. घट, कळ, रोध, अमीटर आणि व्होल्टमीटर यांच्या तारा जोडणारे हात मुलांचे आहेत, आणि निरीक्षणांचा तक्ता आखून त्यात आकडे भरणारा हात मुलीचा आहे, कारण ‘तिचे अक्षर चांगले आहे’. सोलापुरात मी अनेक वर्षे विज्ञान शिकवले आणि हे दृश्य दर आठवड्याला पाहिले. तरी त्यात काही चुकते आहे हे ध्यानात यायला मला फार काळ लागला. मी स्वतः स्त्री आहे, मुलींनी विज्ञान शाखेला जावे असे मला मनापासून वाटते, आणि तरीही साहित्याचा ट्रे गटाकडे देताना माझा हात समोरच्या मुलाकडेच वळत होता. कोणी विचारले असते, तर माझ्या वर्गात मुलगा-मुलगी असा भेद होत नाही, असे मी शपथेवर सांगितले असते.

माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या सहकाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. आपल्या मनातला पूर्वग्रह उपटून काढण्यात वर्ष घालवू नये. त्याऐवजी वर्गात आपण ज्या क्रमाने आणि ज्या पद्धतीने निर्णय घेतो, ती पद्धत बदलावी, असे माझे म्हणणे आहे. हा सल्ला सोयीचा म्हणून देत नाही, संशोधनाचा कल तिकडे आहे म्हणून देत आहे. त्यामुळे आधी थोडे त्या संशोधनाविषयी.

मानसशास्त्राने काय शोधले

सुप्त पूर्वग्रह म्हणजे ज्याची आपल्याला जाणीव नसते किंवा जो आपण मान्य करणार नाही, असा मनातील जोडसंबंध. अँथनी ग्रीनवाल्ड आणि महजरीन बानाजी यांनी १९९५ मध्ये या विषयाची सैद्धांतिक मांडणी केली. बानाजी सिकंदराबादला वाढल्या. आपल्या शहरातील विणकर समाजाच्या, म्हणजे पद्मशाली, अशा कितीतरी कुटुंबांची नातीगोती आजही त्याच मुलखात आहेत, म्हणून हा उल्लेख मुद्दाम केला. १९९८ मध्ये ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुप्त साहचर्य चाचणी प्रसिद्ध केली. संगणकाच्या पडद्यावर शब्द येतात आणि दोन कळा दाबून त्यांची वर्गवारी करायची असते. ‘भौतिकशास्त्र’ आणि ‘काका’ एकाच कळेवर असताना हात झरझर चालतो, ‘भौतिकशास्त्र’ आणि ‘मावशी’ एका कळेवर आले की किंचित अडखळतो, आणि त्या सेकंदाच्या अंशात होणाऱ्या विलंबावरून जोडसंबंधाची ताकद मोजली जाते. २००९ मध्ये ब्रायन नोसेक आणि सहकाऱ्यांनी ३४ देशांतील पाच लाखांहून अधिक चाचण्यांचे निष्कर्ष मांडले. त्यांपैकी सुमारे ७० टक्के चाचण्यांत विज्ञानाची सांगड स्त्रियांपेक्षा पुरुषांशी अधिक घट्ट घातलेली आढळली.

मनातला हा जोडसंबंध निर्णयातही उतरतो का, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत २०१२ मध्ये कोरीन मॉस-राकुसिन यांनी विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांकडे प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला. फक्त निम्म्यांच्या प्रतीवर नाव जॉन होते आणि निम्म्यांच्या प्रतीवर जेनिफर. जॉन अधिक सक्षम ठरला आणि त्याला सरासरी ३०,२३८ डॉलर वार्षिक पगार सुचवला गेला, तर जेनिफरला २६,५०८ डॉलर. स्त्री प्राध्यापकांनीही पुरुष प्राध्यापकांसारखाच कौल दिला. शाळेच्या दृष्टीने याहून जवळचा अभ्यास मिकेला कार्लाना यांचा आहे, जो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. इटलीतील गणिताच्या शिक्षकांची सुप्त साहचर्य चाचणी घेऊन त्यांनी ती विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी ताडून पाहिली. ज्या शिक्षकांच्या मनात साचेबद्ध समज अधिक पक्का होता, त्यांच्या वर्गात मुली गणितात मागे पडल्या, त्यांचा स्वतःच्या गणितावरचा विश्वास घटला आणि पुढे त्यांनी सोप्या शाखा निवडल्या. मुलांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. एकाच व्यक्तीने ही चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली, तर गुण बरेच बदलू शकतात. म्हणून शिक्षकांच्या बैठकीत सर्वांना चाचणी द्यायला लावून ‘कोण किती पूर्वग्रहदूषित’ हे ठरवण्याचा उद्योग कोणीही करू नये. शिवाय सुप्त जोडसंबंध बदलणे शक्य असले, तरी तो बदल टिकवणे अवघड आहे. कॅल्व्हिन लाय यांच्या २०१६ च्या अभ्यासात वंशविषयक पूर्वग्रह कमी करणारे नऊ उपाय ६,३२१ व्यक्तींवर तपासले गेले. सर्व उपायांचा तत्काळ परिणाम दिसला, आणि काही तासांत ते काही दिवसांत तो ओसरला. २०१९ मध्ये पॅट्रिक फोर्शर आणि सहकाऱ्यांनी ४९२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यात सुप्त मापनातील बदलामुळे वर्तन बदलते याचा पुरावा मिळाला नाही. म्हणूनच एक दिवसाचे प्रशिक्षण, चहा-बिस्किटे आणि प्रमाणपत्र यांवर माझा भरवसा नाही. मनात जोडसंबंध राहिला तरी त्याला निर्णयात शिरायला फट मिळू नये, एवढी व्यवस्था आपण करू शकतो.

पहिला आठवडा फक्त मोजा

काहीही बदलण्याआधी मोजावे. ज्यांचा तास रिकामा आहे अशा एका सहकाऱ्याला विनंती करून वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसवावे आणि त्यांच्या हातात रेघांची वही द्यावी. प्रश्न कोणाला विचारला, तो पाठांतराचा होता की विचार करायला लावणारा, उत्तराची वाट किती वेळ पाहिली आणि उत्तर चुकल्यावर पुढे काय झाले, एवढ्याच चार गोष्टींसाठी उभ्या खुणा करायच्या. स्वतःच्या आठवणीवर विसंबू नये. आपल्याला जे व्हावेसे वाटते तेच आठवण दाखवते. ही वही मुख्याध्यापकांकडे जाणार नाही, हे दोघांनी आधीच ठरवून घ्यावे, नाहीतर तो तास तपासणीसाठी बसवलेला तास होतो.

माझ्या वर्गातली पहिली वही मी अजून जपून ठेवली आहे. ‘सांगा’ या प्रकारच्या प्रश्नांसमोर मुलींच्या रकान्यात भरपूर रेघा होत्या: व्याख्या सांग, एकक सांग, सूत्र सांग. ‘का’ आणि ‘असे केले तर काय होईल’ या प्रश्नांच्या रेघा जवळजवळ सगळ्या मुलांच्या बाजूला होत्या. मुलाचे उत्तर चुकले की मी त्याला ‘पुन्हा विचार कर’ म्हणत होते, मुलीचे चुकले की ‘बस’ म्हणून दुसऱ्याकडे वळत होते. तिला सर्वांसमोर ओशाळे वाटू नये, अशी माझी त्यामागची भावना होती. ही काळजीच तिची विचार करण्याची संधी काढून घेत होती, हे वहीतल्या रेघा पाहिल्यावर मला कळले.

यावरचा उपाय साधा आहे. वर्गातील सर्वांच्या हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या करून एका डब्यात ठेवाव्यात. माझ्या टेबलावर शेंगाचटणीचा रिकामा डबा असे. प्रश्न आधी संपूर्ण वर्गाला विचारावा, थांबावे, आणि मग चिठ्ठी काढावी. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की शिक्षक प्रश्न विचारल्यानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ही थांबण्याची वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली, तर उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प बसणारे विद्यार्थीही बोलू लागतात. तीन सेकंद मनात मोजून पाहा. वर्गासमोर उभे असताना ते फार लांब वाटतात. उत्तर चुकले तर मुलगा असो वा मुलगी, एक पूरक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा नियम स्वतःला घालून घ्यावा.

प्रयोगाच्या तासाला कामे फळ्यावर लिहा

जोडणी, वाचन, नोंद आणि आवराआवर अशी चार कामे फळ्यावर लिहून त्यांच्यापुढे हजेरी क्रमांक लिहावेत, आणि पुढच्या प्रयोगाला ते एकेक जागा पुढे सरकवावेत. ‘तुमच्या तुमच्यात वाटून घ्या’ असे म्हटले की वाटणी घरी होते तशीच होते. जोडणीची पाळी आलेली मुलगी पहिल्यांदा मागे सरकेल आणि शेजारचा मुलगा ‘दे, मी करतो’ म्हणून हात पुढे करेल. त्या क्षणी शिक्षकाने तिथे उभे असावे आणि मुलाला त्याचे स्वतःचे काम दाखवावे, मुलीच्या हातातली तार मात्र स्वतःही घेऊ नये. अमीटरची टोके उलट जोडली गेली तर काटा शून्याच्या मागे सरकतो, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की पुढच्या वेळी ती धन टोक आधी शोधते. मुलांनाही नीटनेटका तक्ता आखता आला पाहिजे. ‘अक्षर घाण आहे’ म्हणून त्यांना नोंदीतून सूट देणे हेही त्यांचे नुकसानच आहे.

निवड करण्याआधी निकष लिहून काढा

माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. शाळेत निवडीचे प्रसंग सतत येतात: विज्ञान प्रदर्शन, वर्गप्रतिनिधी, प्रश्नमंजूषेचा संघ, ‘इन्स्पायर अवॉर्ड मानक’ या विद्यार्थ्यांच्या नवकल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेला पाठवायच्या पाच कल्पना. या शेवटच्या योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला प्रतिकृती तयार करण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. आईच्या विड्यांच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात त्या रकमेचे आणि त्या निवडीचे मोल काय असते, हे आपल्या शहरातील शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन यांचा २००५ चा प्रयोग इथे उपयोगी पडतो. त्यांनी सहभागी व्यक्तींना पोलीसप्रमुखाच्या पदासाठीच्या उमेदवारांविषयी मत द्यायला सांगितले. एका प्रकारच्या उमेदवाराला रस्त्यावरच्या कामाचा अनुभव होता, दुसऱ्या प्रकारच्या उमेदवाराकडे शिक्षण आणि प्रशासनाचे कौशल्य होते. पुरुष उमेदवार शिकलेला असला की लोक म्हणत, या पदाला शिक्षणच महत्त्वाचे. शिकलेली व्यक्ती स्त्री असली की शिक्षणाचे ते वजन उतरत असे. लोक आपल्याला आवडलेल्या उमेदवाराच्या मापाने निकषच कापून घेत होते, आणि आपण अगदी वस्तुनिष्ठ आहोत अशी त्यांची खात्रीही होती. मात्र उमेदवारांची माहिती देण्याआधी निकषांना किती महत्त्व द्यायचे हे ठरवायला लावले, तेव्हा हा भेदभाव नाहीसा झाला.

शिक्षक-कक्षात हेच घडते. ‘तो धीट आहे, जिल्हा पातळीवर परीक्षकांसमोर टिकेल’ असे एका मुलाविषयी म्हटले जाते आणि धीटपणा हा निकष होतो. पुढची कल्पना एका धीट मुलीची असते, तेव्हा ‘बोलते छान, पण कल्पना तिची स्वतःची वाटत नाही, घरी कोणीतरी करून दिली असेल’ असे ऐकू येते आणि मौलिकता हा निकष होतो. दोन्ही वाक्ये बोलणारी व्यक्ती एकच असते आणि तिच्या मनात कसलेही पाप नसते.

म्हणून कल्पनांचे कागद हातात घेण्यापूर्वी निवड समितीने एका कोऱ्या कागदावर निकष आणि प्रत्येकाचे गुण लिहावेत, उदाहरणार्थ समस्या खरी आहे का, उपाय नवा आहे का, तो प्रत्यक्षात करता येईल का. खाली सर्वांनी सह्या कराव्यात, आणि त्या दिवशी निकषांत काहीही बदलू नये. मग कागदांवरील नावे झाकून क्रमांक द्यावेत. अक्षरावरूनही मुलगी ओळखू येते, म्हणून शक्य असल्यास संगणक शिक्षकाकडून मजकूर टाइप करून घ्यावा. प्रत्येक सदस्याने आपले गुण आधी लिहावेत आणि चर्चा नंतर करावी, नाहीतर सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीचे मत हेच समितीचे मत होते.

आडनावही झाकावे, हे विसरू नये. रेमा हन्ना आणि ली लिंडेन यांनी भारतात केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर विद्यार्थ्याची माहिती बदलून लावली होती. त्यात शिक्षकांच्या गुणदानात मुलगा-मुलगी असा भेद दिसला नाही, पण तथाकथित खालच्या जातीचे विद्यार्थी म्हणून दाखवलेल्यांना कमी गुण मिळाले. आपल्या शहरात आडनाव वाचले की घरची भाषा, जात आणि बहुधा पेठसुद्धा कळते. नाव झाकण्याने एकाच वेळी अनेक पूर्वग्रहांची वाट बंद होते. मुलांचेही यात हित आहे: इस्रायलमधील व्हिक्टर लाव्ही यांच्या २००८ च्या अभ्यासात नाव माहीत असलेल्या आणि नसलेल्या परीक्षकांच्या गुणांची तुलना केली, तेव्हा नुकसान मुलांचे होत असल्याचे आढळले होते.

वर्णनात्मक नोंदी लिहिताना

सत्राच्या शेवटी रात्री बसून आपण शंभर-दीडशे नोंदी लिहितो आणि थकलेला हात ठरलेल्या शब्दांकडे जातो. मुलीसाठी ‘शांत, नीटनेटकी, अभ्यासू, मेहनती’, मुलासाठी ‘हुशार आहे, पण चंचल, मनावर घेतल्यास चमकेल’. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयाची तीनशेहून अधिक शिफारसपत्रे तपासली, तेव्हा त्यांना हीच विभागणी दिसली: स्त्रियांची पत्रे आखूड, त्यांत कष्टाळूपणाचे शब्द आणि शंका उत्पन्न करणारी वाक्ये अधिक. ‘मेहनती’ ही वाईट नोंद नव्हे, पण ती वर्षानुवर्षे वाचणाऱ्या मुलीला आणि तिच्या वडिलांना एक गोष्ट ऐकू येते: हिला येते ते घोकून, बुद्धीने नव्हे. लिन बियान आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात अमेरिकेतील पाच वर्षांच्या मुली आपल्या गटाला मुलांइतकेच ‘अतिशय हुशार’ मानत होत्या. सहा-सात वर्षांपर्यंत हे चित्र बदललेले होते.

विशेषणाच्या जागी घटना लिहावी. ‘गणितात मेहनती’ असे न लिहिता ‘चक्रवाढ व्याजाचे उदाहरण सूत्र न वापरता दुसऱ्या रीतीने सोडवून दाखवले’ असे लिहावे. यासाठी वर्षभर खिशात छोटी वही लागते, हे खरे. नोंद पूर्ण झाल्यावर नावाच्या जागी वर्गातील दुसऱ्या लिंगाच्या विद्यार्थ्याचे नाव घालून वाचावी. वाक्य विचित्र वाटले तर ते पुन्हा लिहावे.

गृहपाठ आला नाही, तर कारण विचारा

सोलापूरच्या पूर्व भागातील शाळांमध्ये ज्यांनी शिकवले आहे त्यांना हे माहीत आहे. आई विड्या वळते, आणि मोजून माल द्यायचा दिवस आला की मुलगी शाळेतून आल्यावर पाने कापायला किंवा दोरा बांधायला बसते, धाकट्या भावाला सांभाळते, स्वयंपाकाचे बघते. तिचा गृहपाठ अपुरा राहिला की आपण ‘हिचे लक्ष नाही’ किंवा ‘गणित हिला झेपत नाही’ असा अर्थ काढतो, कारण तो अर्थ मनात आधीच तयार असतो. परिस्थितीचे कारण स्वभावावर किंवा कुवतीवर ढकलण्याची चूक माणसाकडून सहज होते. म्हणून निष्कर्ष काढण्याआधी तिला एकटीला, आवाज खाली ठेवून, काल संध्याकाळी किती वेळ मिळाला एवढेच विचारावे. मधल्या सुट्टीत किंवा शाळा भरण्यापूर्वी वीस मिनिटे वर्ग उघडा ठेवला तर अशा मुलींचा गृहपाठ शाळेतच होतो, आणि मग कुवतीचा प्रश्न कितपत खरा होता हे आपोआप दिसते.

समोर कोण दिसते

पाहुणी बोलावणे हा सोपा उपाय वाटतो, पण एका भाषणाने फारसे होत नाही. सतत दिसणे महत्त्वाचे. लोरी बीमन आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील ४९५ गावांत केलेला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो. जिथे सरपंचपद सलग दोन निवडणुकांत स्त्रियांसाठी राखीव राहिले, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याविषयीच्या आकांक्षांमधील दरी पालकांच्या मनात २० टक्क्यांनी आणि किशोरवयीन मुला-मुलींच्या मनात ३२ टक्क्यांनी कमी झाली. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे, तेव्हा आपल्या तालुक्यांत अशा सरपंच शोधाव्या लागत नाहीत. त्यांना हळदीकुंकवाला नव्हे, तर नागरिकशास्त्राच्या तासाला पाणीपुरवठ्याचे अंदाजपत्रक समजावून द्यायला बोलवावे. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातील स्त्री-शास्त्रज्ञांना डाळिंबावरच्या तेल्या रोगाविषयी विचारावे. ज्यांच्या शेतात डाळिंब आहे ती मुलेही तेव्हा कान देऊन ऐकतील. पाहुण्यांच्या औक्षणाचे ताट मात्र मुलींच्याच हातात आणि बाके उचलायला मुलेच, ही शाळेची जुनी रीत त्याच दिवशी बदलावी.

वर्गातील चर्चेलाही दीर्घकाळ द्यावा लागतो. हरियाणातील ३१४ सरकारी शाळांच्या अभ्यासात जवळपास निम्म्या शाळांत सातवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांशी अडीच वर्षे स्त्री-पुरुष समतेवर नियमित चर्चा केल्या गेल्या. दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन यांनी २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: विद्यार्थ्यांची मते समतेच्या बाजूने झुकली आणि मुलांनी घरकामात अधिक हात लावत असल्याचे सांगितले.

दुसऱ्या सत्रात, दिवाळीच्या सुट्टीनंतर महिनाभराने, त्याच सहकाऱ्याला पुन्हा शेवटच्या बाकावर बसवावे. विषयाचा तोच प्रकार निवडावा. पहिल्या वेळी नवीन पाठ असेल तर दुसऱ्या वेळी उजळणीचा तास नको, नाहीतर तुलना चुकते. दोन्ही वह्या शेजारी ठेवून ज्या रकान्यात फरक पडला नाही तेवढाच पुढच्या महिन्यासाठी हाती घ्यावा. आणि वर्ष संपताना दहावीच्या वर्गशिक्षकांकडे निकालपत्रकांबरोबर एक पान जास्त द्यावे, ज्यावर विद्युत परिपथाची जोडणी कोणी कोणी स्वतःच्या हातांनी केली त्यांचे हजेरी क्रमांक असतील, आणि ज्यांची पाळी राहून गेली त्यांचेही.